शौचात न दिसणारे रक्त : मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी घरी करता येणारी तपासणी

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा एकदम उद्भवत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक लहानसा कोंब येतो, त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. बहुसंख्य पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. त्यांतील काही मात्र, विशेषतः अ‍ॅडिनोमा या प्रकारातले, हळूहळू वाढत राहतात, त्यांच्या पेशींमध्ये एकामागून एक जनुकीय बिघाड साचत जातात आणि साधारण दहा वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा त्यांचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते. या सगळ्या काळात माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही. पोट दुखत नाही, वजन घटत नाही, भूकही नेहमीसारखी लागते. परंतु वाढलेल्या पॉलिपचा किंवा सुरुवातीच्या गाठीचा पृष्ठभाग नाजूक असतो, त्यावरून मळ पुढे सरकताना तिथून थोडे थोडे रक्त झिरपते, आणि ते इतके कमी असते की डोळ्यांना दिसत नाही. घरी नमुना घेऊन करायची तपासणी या रक्ताचा शोध घेते. कर्करोग आहे की नाही, हे तिला स्वतःहून ठरवता येत नाही. तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज, अवाजवी भीतीही आणि अवाजवी निश्चिंतीही, एवढी एक बाब विसरल्यामुळे निर्माण होतात. पन्नाशी ओलांडल्यावर मी स्वतः नाशिकमध्ये ही तपासणी करून घेतली, तेव्हा किटसोबतच्या बारीक अक्षरांतल्या कागदावर ज्या गोष्टी नव्हत्या, त्याच जास्त समजून घ्याव्या लागल्या.

प्रथम या रोगाचा आवाका पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या 2022 सालच्या अंदाजानुसार जगात वर्षभरात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे सुमारे 19 लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 9 लाख मृत्यू झाले. निदान होणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक तिसरा आणि मृत्यूंच्या बाबतीत दुसरा आहे. भारतात मात्र लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बरेच कमी असून वर्षाला आढळणारे नवे रुग्ण 65 ते 70 हजारांच्या घरात आहेत. दुसऱ्या बाजूला, आपल्याकडे हा रोग होतो तेव्हा तो अनेकदा तुलनेने कमी वयात दिसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील 800 रुग्णांची माहिती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, तीत रुग्णांचे सरासरी वय 47 वर्षांच्या आसपास होते. एका मोठ्या रुग्णालयात पोहोचलेल्या रुग्णांवरून साऱ्या देशाविषयी निष्कर्ष काढता येत नाही, शिवाय आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे खरे. तरीही ‘हा म्हातारपणीचा आजार’ अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती या आकड्यापुढे टिकत नाही.

निदान कोणत्या टप्प्यावर होते, यावर पुढचे जवळजवळ सर्व काही अवलंबून असते. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग आतड्यापुरता मर्यादित असताना सापडला, तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे 90 टक्के असते. तो यकृतासारख्या दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर ते 15 टक्क्यांच्या आसपास उतरते. आणि पॉलिपच्या अवस्थेतच तो कोंब काढून टाकला, तर तिथे कर्करोग होण्याचाच प्रश्न राहत नाही.

शौचातील अदृश्य रक्त शोधण्याची कल्पना जुनी आहे. 1864 साली व्हान डीन या डच वैद्यकतज्ज्ञाने ग्वायाकम या झाडाच्या राळेचा त्यासाठी उपयोग केला. रक्तातील हीम हा लोहयुक्त घटक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की ही राळ निळी पडते, एवढ्या एका गुणावर पुढची शंभरहून अधिक वर्षे ही चाचणी उभी होती, आणि काही ठिकाणी ती आजही केली जाते. तिची अडचण अशी की हीम कोणाच्या रक्तातले आहे, हे तिला कळत नाही. जेवणात मटण असेल, तर बोकडाच्या रक्तानेही कागद निळा होतो. मुळा, फ्लॉवर, सलगम यांसारख्या काही भाज्यांतील घटकांमुळेही ती फसते, आणि उलट दिशेने फसण्याचीही सोय आहे, कारण ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या असतील, तर रक्त असूनही ते दिसत नाही. म्हणून या चाचणीआधी काही दिवस पथ्य पाळावे लागते आणि नमुनेही एकापेक्षा अधिक द्यावे लागतात.

नव्या पद्धतीची चाचणी फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट, म्हणजे थोडक्यात ‘फिट’, या नावाने ओळखली जाते. तिच्यात मानवी हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन या प्रथिनाला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी वापरलेली असते. बोकडाचे किंवा कोंबडीचे ग्लोबिन तिला ओळखता येत नाही, त्यामुळे खाण्याचे कोणतेही पथ्य लागत नाही. आदल्या दिवशी बीट खाल्ल्याने शौचाला लाली आली किंवा लोहाच्या गोळीने ते काळे पडले, तरी या चाचणीला फरक पडत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जठरातून किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्त आले, तर त्यातील ग्लोबिन हे प्रथिन असल्यामुळे वाटेतच बरेचसे पचून जाते. त्यामुळे फिट चाचणीत रक्त आढळले, तर ते बहुधा मोठ्या आतड्यातले किंवा गुदाशयातले असते, आणि आपल्याला तपासायचा असतो तो भाग नेमका तोच असतो. याचाच उलटा अर्थ असा, की पोटातील अल्सरच्या रक्तस्रावासाठी ही चाचणी उपयोगाची नाही.

नाशिकमधील पॅथॉलॉजी लॅबमध्ये चौकशी करताना म्हणून एक प्रश्न स्पष्ट विचारावा लागतो. ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ या एकाच नावाखाली कुठे जुनी रासायनिक चाचणी केली जाते, कुठे फिट पट्टीवर हो-नाही असे उत्तर मिळते, तर कुठे यंत्रावर रक्ताचे प्रमाण मोजून आकडा दिला जातो. मी ज्या लॅबमध्ये प्रथम फोन केला, तिथल्या काउंटरवरील ताईंनी “शौचाची साधी डबी घेऊन जा, त्यात आणा,” असे सांगितले. साध्या डबीत रक्तातील हिमोग्लोबिन काही तासांतच खराब होऊ लागते. फिटसाठी त्याला टिकवून धरणारे द्रावण असलेली खास नळी लागते. ‘इम्युनोकेमिकल पद्धत आहे का, द्रावणाची नळी मिळेल का आणि रिपोर्टमध्ये आकडा येईल का’ असे विचारल्यावर त्यांनी आत चौकशी करून दुसऱ्या दिवशी योग्य नळी मागवून दिली.

ही तपासणी कोणासाठी नाही, हे तिच्या कृतीपेक्षाही आधी सांगायला हवे. स्क्रीनिंग ही ज्याला कोणतीही तक्रार नाही, अशा माणसाची तपासणी असते. शौचावाटे डोळ्यांना दिसेल असे रक्त जात असेल, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकून राहिलेला बदल असेल, कारण नसताना वजन घटत असेल, पोटात गाठ लागत असेल किंवा रक्ततपासणीत लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया आढळून त्याचे कारण सापडत नसेल, तर घरी किट आणून वेळ काढू नये. थेट डॉक्टरांकडे जावे. काही देशांत लक्षणे असलेल्या रुग्णांमध्येही कोणाची दुर्बीण तपासणी आधी करावी हे ठरवण्यासाठी डॉक्टर फिटचा आकडा वापरतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा असतो आणि त्यासाठीचे निकष वेगळे असतात.

आपल्याकडे या ठिकाणी मूळव्याध आडवी येते. नाशिकरोडपासून पंचवटीपर्यंत कोणत्याही रस्त्याने जा, ‘मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन’ अशी पाटी दिसल्याशिवाय राहत नाही. रक्त दिसले की घरातले वडीलधारे प्रथम उष्णता वाढली म्हणतात, मग मिसळ बंद होते, मग ताक आणि इसबगोल सुरू होते, आणि त्यात महिने निघून जातात. बहुतेकांना खरोखरच मूळव्याध असते, त्यामुळे हा समज सहसा खोटा ठरत नाही, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. टाटा मेमोरियलच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक रुग्णांची तक्रार शौचावाटे रक्त जाणे हीच होती. मूळव्याध असलेल्या माणसाला कर्करोग होत नाही, असा काही नियम नाही. मोड आहेत म्हणून रक्त तिथूनच येत असेल, हे कोणीतरी बोटाने आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीने तपासल्यानंतरच म्हणता येते.

ज्यांच्या आईवडिलांना, भावंडांना किंवा मुलांना हा कर्करोग झालेला आहे, त्यांच्यासाठीही फिट हा पहिला पर्याय नाही. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांनुसार अशा व्यक्तीने वयाच्या 40 व्या वर्षी, किंवा नातेवाइकाचे निदान ज्या वयात झाले त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा, कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी, सुरू करावी. कुटुंबात कमी वयात असे अनेक रुग्ण झाले असतील, तर लिंच सिंड्रोमसारखा आनुवंशिक दोष असू शकतो, आणि तिथे दुर्बीण तपासणी विशी-पंचविशीपासूनच सुरू होते. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याच्या आजाराचे, जुने रुग्ण आणि ज्यांचे पॉलिप पूर्वी काढलेले आहेत, तेही याच गटात मोडतात.

आता प्रत्यक्ष कृती. किटमध्ये एक छोटी नळी असते, तिच्या झाकणालाच एक काडी जोडलेली असते आणि काडीच्या टोकाला खाचा असतात. त्या खाचांत मावेल एवढाच मळ, बहुतेक किटमध्ये साधारण 10 मिलिग्रॅम, चाचणीला हवा असतो. काडी मळाच्या वेगवेगळ्या भागांवरून ओढायची असते, कारण रक्त सगळीकडे सारखे मिसळलेले नसते. एका टोकाला असेल, दुसऱ्या टोकाला नसेल. खाचा भरल्या की काडी नळीत एकदाच घालायची, झाकण खट्ट आवाज येईपर्यंत दाबायचे, नळी हलवायची आणि तिच्यावर नाव, तारीख व वेळ लिहायची. नमुना भरपूर असावा म्हणून लोक काडी लपेटून घेतात किंवा ती पुन्हा बाहेर काढून दुसऱ्यांदा बुडवतात. आतल्या द्रावणाचे माप ठरलेले असल्यामुळे जास्तीच्या मळाने आकडा चुकतो. इथे कमी म्हणजेच नेमके.

खरी अडचण आपल्या संडासाची आहे. किटवरील चित्रे पाश्चात्त्य कमोड आणि टॉयलेट पेपर डोळ्यांसमोर ठेवून काढलेली असतात. मळ पाण्यात पडला तर रक्त पाण्यात विरघळून जाते, लघवी मिसळली तरी नमुना बिघडतो, आणि भांड्यात टाकलेल्या क्लीनरचाही परिणाम होऊ शकतो. कमोड असेल, तर बैठकीखाली किटसोबतचा कागद किंवा एखादी स्वच्छ पिशवी आडवी ताणून बसवता येते. भारतीय बैठकीच्या संडासात मला सोपे वाटले ते असे, की आधी लघवी उरकून घ्यावी, मग पायऱ्यांमधल्या उतारावर, पाण्यापासून दूर, जाड कागदाची दुहेरी घडी अंथरावी आणि काडी आधीच उघडून हाताशी ठेवावी. कागद कोरडा हवा, म्हणजे आदल्या अंघोळीचे पाणी फरशीवर नसताना हे काम करावे. नमुना घेतल्यावरच पाणी वापरावे. वर्णन करायला हे जितके ओशाळवाणे वाटते, तितके करताना वाटत नाही, मिनिटभरात उरकते.

मासिक पाळीच्या दिवसांत आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस, मूळव्याधीतून रक्त जात असताना, लघवीतून रक्त जात असताना किंवा आव-जुलाब लागलेले असताना नमुना घेऊ नये. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी अन्य गोळी चालू असेल, तर फिटसाठी ती थांबवण्याची गरज नसते, आणि हृदयरोग्याने तर ती स्वतःच्या मनाने कधीच बंद करू नये.

नळी भरल्यानंतर ती ठेवायची कुठे, हा प्रश्न किटवाल्यांच्या दृष्टीने एका ओळीचा आहे. बऱ्याच किटवर ‘2 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे’ असे लिहिलेले असते. आमच्या घरी ही ओळ वाचून दाखवताच “अहो, त्या फ्रिजमध्ये दूध-दही असतं, हे तिथे मुळीच ठेवायचं नाही,” असा निर्णय तत्काळ झाला. नळी घट्ट बंद असते, ती झिप असलेल्या पिशवीत आणि मग डब्यात ठेवली तर काही बिघडत नाही, हे सर्व मी सांगून पाहिले. स्वयंपाकघरात शास्त्राला असलेल्या मर्यादा लक्षात घेऊन शेवटी नमुना सकाळी घ्यायचा आणि लॅब उघडताच स्वतः नेऊन द्यायचा, असा मार्ग काढला. तसे पाहता सर्वांत चांगला मार्गही तोच आहे.

कारण उष्णता हा या चाचणीचा मोठा शत्रू आहे. हिमोग्लोबिन तापमान वाढले की विघटित होते, आणि मग असलेले रक्तही अँटिबॉडीला ओळखू येत नाही. इटलीतील स्क्रीनिंग कार्यक्रमाच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उन्हाळ्यात चाचणी पॉझिटिव्ह येण्याची शक्यता हिवाळ्याच्या तुलनेत सुमारे 17 टक्क्यांनी कमी आढळली होती. रोग उन्हाळ्यात कमी होत नाही. कमी दिसतो एवढेच. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, मालेगावकडे तर त्याच्याही पुढे, आणि होम कलेक्शनसाठी येणारा मुलगा सिडको, सातपूर, इंदिरानगर असे घरोघरचे नमुने दुपारपर्यंत गोळा करत फिरतो, तेव्हा दुचाकीच्या डिकीत काय तापमान असेल, याची कल्पना कोणालाही करता येईल. रक्ताच्या बाटल्यांसाठी त्याच्याकडे थंड पेटी असते. शौचाची नळी तिच्यातच ठेवली जाते की बाहेर, हे विचारून घ्यावे. नव्या किटमधील द्रावणे पूर्वीपेक्षा अधिक टिकाऊ आहेत, तरीही निवड आपल्या हाती असेल, तर हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत उरकावे. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा द्राक्षबागायतदारांची झोप उडते, पण या चाचणीला तो काळ मानवतो.

रिपोर्ट हातात आल्यावर त्यावरील आकड्याचे एकक पाहावे. काही लॅब एक मिलिलिटर द्रावणात किती नॅनोग्रॅम हिमोग्लोबिन आहे ते लिहितात, काही एक ग्रॅम मळात किती मायक्रोग्रॅम ते लिहितात. एका प्रचलित यंत्रावर 100 नॅनोग्रॅम म्हणजे 20 मायक्रोग्रॅम होतात, पण प्रत्येक कंपनीच्या नळीत मळ आणि द्रावण यांचे प्रमाण वेगळे असल्यामुळे हे गणित दुसऱ्या किटला लागू पडत नाही. म्हणून मेव्हण्याच्या रिपोर्टमधील आकड्याशी आपला आकडा ताडून पाहण्यात अर्थ नसतो. शिवाय कुठल्या आकड्याच्या वर पॉझिटिव्ह म्हणायचे, ही रेघही देशोदेशी वेगळी आहे. तैवानच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती 20 मायक्रोग्रॅमवर होती, तर इंग्लंडने 2019 मध्ये फिट सुरू केली तेव्हा 120 वर ठेवली. माणसांच्या आतड्यांत एवढा फरक नसतो. फरक असतो तो उपलब्ध असलेल्या कोलोनोस्कोपीच्या संख्येत. रेघ खाली ओढली की जास्त रोगी सापडतात, पण विनाकारण दुर्बिणीखाली जाणारेही वाढतात, आणि तेवढ्या जणांना तपासण्याची सोय सरकारला करावी लागते.

या ‘विनाकारण’चा अर्थ एका उदाहरणाने पाहू. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेता एका वेळच्या फिट चाचणीत असलेल्या कर्करोगांपैकी सुमारे 79 टक्के सापडतात, आणि कर्करोग नसलेल्यांपैकी सुमारे 94 टक्क्यांना ती योग्य रीतीने निगेटिव्ह सांगते. समजा, एक हजार जणांनी चाचणी केली आणि त्यांतील पाच जणांना नकळत कर्करोग आहे. चाचणी त्यांतील चौघांना पकडेल आणि एक निसटेल. उरलेल्या 995 जणांपैकी सहा टक्के, म्हणजे साधारण साठ जण, कर्करोग नसताना पॉझिटिव्ह येतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या 64 जणांत कर्करोग असलेले चारच. हजारांत पाचऐवजी एकालाच रोग आहे असे धरले, तर साठ जणांना दुर्बीण घालून जेमतेम एक रुग्ण हाती लागेल. रोगाचे प्रमाण जिथे कमी, तिथे पॉझिटिव्ह रिपोर्टचे वजनही कमी होते. भारत सरकारच्या 2016 सालच्या लोकसंख्याधारित स्क्रीनिंगच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांचा समावेश असून मोठे आतडे त्यात नाही, यामागचा तर्क या गणितावरून समजतो. तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. तंबाखूने तोंडाचे कर्करोग होणाऱ्या देशात डॉक्टरांचा वेळ आधी तिथेच खर्च व्हायला हवा. मात्र याचा परिणाम असा, की अमेरिकेत 45 व्या वर्षापासून किंवा नेदरलँड्समध्ये 55 व्या वर्षापासून जी तपासणी कार्यक्रमाचा भाग म्हणून आपोआप पुढे येते, ती नाशिकच्या माणसाला फॅमिली डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावी लागते.

त्या साठ जणांविषयी आणखी एक सांगायला हवे. त्यांना कर्करोग नसतो, पण त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या आतड्यात मोठे अ‍ॅडिनोमा सापडतात, आणि ते तिथल्या तिथे काढता येतात. त्यांची कोलोनोस्कोपी वाया जात नाही. इतरांत मूळव्याध, आतड्याची सूज किंवा अमिबाचा संसर्ग अशी कारणे निघतात, आणि काहींमध्ये काहीच निघत नाही.

पॉझिटिव्ह रिपोर्टनंतर करायची गोष्ट एकच आहे : कोलोनोस्कोपी. इथे माणसे जे करतात ते मला वारंवार ऐकायला मिळाले आहे. ‘एकदा पुन्हा करून पाहू’ म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये तीच चाचणी केली जाते, ती निगेटिव्ह येते आणि विषय संपतो. पॉलिप रोज रक्त सांडत नाही. दुसऱ्या दिवशी रक्त नव्हते, याने पहिल्या दिवशीचे रक्त कुठून आले, याचे उत्तर मिळत नाही. दुसऱ्या निगेटिव्हने पहिली पॉझिटिव्ह खोडली जात नाही. फार घाबरून रातोरात धावपळ करण्याचेही कारण नाही. अमेरिकेत सुमारे 70 हजार फिट-पॉझिटिव्ह लोकांच्या 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलोनोस्कोपी दहा महिन्यांहून अधिक लांबली, तेव्हा कर्करोग आणि विशेषतः पुढच्या टप्प्यातील कर्करोग आढळण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. काही आठवड्यांत तपासणी व्हावी. लग्नसराई, सुगी आणि मुलांच्या परीक्षा आटोपेपर्यंत ती ढकलू नये.

कोलोनोस्कोपीतील सर्वांत त्रासाचा भाग तपासणी नसून आदली रात्र असते. हलका आहार घेऊन, मग पोट साफ करणारे औषध मोठ्या प्रमाणातील पाण्यातून प्यावे लागते आणि अनेकदा संडासला जावे लागते. आतडे स्वच्छ झाले नाही, तर छोटा पॉलिप मळाआड राहून जातो, म्हणून हा भाग मनापासून पार पाडावा. तपासणी गुंगीच्या औषधाखाली साधारण अर्ध्या तासात होते. सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे कॅमेऱ्याने पाहिले जाते आणि पॉलिप दिसला, तर तारेच्या फासाने तो काढून पॅथॉलॉजीकडे पाठवला जातो. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, परंतु तो दहा हजार तपासण्यांमागे साधारण पाच इतका कमी आहे. पॉलिप काढल्यावर रक्तस्राव होण्याचा धोका त्याहून थोडा अधिक असतो. सोबत कोणीतरी असावे आणि त्या दिवशी गाडी चालवू नये.

निगेटिव्ह रिपोर्टविषयी बोलणे कमी होते, वास्तविक गैरसमज तिथेच अधिक आहे. फिटमध्ये रक्त आढळले नाही, याचा अर्थ त्या दिवशीच्या त्या मळात ठरलेल्या रेघेच्या वर रक्त नव्हते. मोठ्या अ‍ॅडिनोमापैकी एका वेळी साधारण 25 ते 40 टक्केच तिला सापडतात. आतड्याच्या उजव्या बाजूचे चपटे पॉलिप तर रक्त फारसे सोडतच नाहीत. या चाचणीची ताकद पुनरावृत्तीत आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे 46 हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जुन्या ग्वायाक चाचणीनेही, ती दरवर्षी केल्यास, या कर्करोगाने होणारे मृत्यू 33 टक्क्यांनी घटलेले दिसले. स्पेनमध्ये कोलोनोस्कोपी आणि दर दोन वर्षांनी फिट यांची तुलना करणाऱ्या प्रयोगाचे दहा वर्षांचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. दोन्ही गटांत या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच, 0.22 आणि 0.24 टक्के, निघाले. फिटच्या गटातील लोक तपासणीला अधिक संख्येने तयार झाले, हे त्यामागचे एक कारण होते. म्हणून फिटचा मार्ग निवडला, तर ती वर्षाने किंवा दोन वर्षांनी करत राहावी लागते, आणि दोन तपासण्यांच्या मध्ये एखादे लक्षण दिसले, तर मागच्या निगेटिव्ह रिपोर्टकडे बोट दाखवून स्वस्थ बसता येत नाही.

शौचातील डीएनए तपासणारी, अमेरिकेत 2014 मध्ये मान्यता मिळालेली चाचणी आणि तिथेच 2024 मध्ये मान्य झालेली रक्ताची चाचणी यांच्या जाहिराती आता समाजमाध्यमांवर आपल्याकडेही दिसतात. डीएनए चाचणी एका वेळी फिटपेक्षा जास्त कर्करोग पकडते, पण चुकीच्या पॉझिटिव्हही जास्त देते आणि खर्च कितीतरी अधिक असतो. या दोन्हींनंतरही पॉझिटिव्ह आल्यास कोलोनोस्कोपी चुकत नाही.

कोलोनोस्कोपी स्वच्छ निघाली आणि आतड्याची तयारीही चांगली होती, तर पुढची बरीच वर्षे, सहसा दहा, फिट करण्याचे कारण उरत नाही. पॉलिप निघाले असतील, तर पुढची दुर्बीण तपासणी तीन वर्षांनी, पाच वर्षांनी की त्याहून उशिरा, हे त्यांची संख्या, आकार आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला प्रकार यांवरून ठरते. त्यासाठी कोलोनोस्कोपीचा आणि बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या पॉलिपच्या पॅथॉलॉजी तपासणीचा, असे दोन्ही रिपोर्ट जपून ठेवावेत. बायोप्सीचा रिपोर्ट सहसा काही दिवसांनी येतो, अनेक जण तो न्यायला पुन्हा जातच नाहीत, आणि पुढची तारीख नेमकी त्याच कागदावरून ठरायची असते.